हजेरी लावून परत येऊ नका

तालुक्याच्या गट साधन केंद्रात प्रशिक्षण असलं की पत्रात वेळ सकाळी दहाची असते आणि साडेदहापर्यंत खुर्च्या मागून पुढे भरत येतात. पुढच्या दोन रांगा शेवटपर्यंत मोकळ्या. दाराशी टेबलावर हजेरीपत्रक आणि दोरीनं बांधलेलं एक पेन. सही करून ते पेन खाली ठेवताना बऱ्याच जणांचं त्या दिवसाचं प्रशिक्षण संपलेलं असतं. हे मी टिंगल म्हणून लिहीत नाही. नोकरीची पहिली दोन वर्षं मीही मागच्या भिंतीला टेकून बसणाऱ्यांतलाच होतो. दुपारी जेवण काय आहे याची चौकशी सगळ्यात आधी मी करायचो.

पवित्र पोर्टलवरून नेमणूक मिळून तुम्ही नुकतेच रुजू झाला असाल. कुणी शिक्षण सेवक म्हणून वाडीवस्तीवरच्या दोन शिक्षकी शाळेत असेल, कुणी घरापासून दोनशे किलोमीटरवर खोली घेऊन राहत असेल. वर्ग कसा घ्यायचा याचीच अजून घडी बसलेली नाही आणि तेवढ्यात पत्रं यायला लागतात. प्रशिक्षण, कार्यशाळा, शिक्षण परिषद, उद्बोधन वर्ग. स्टाफरूममधला एखादा जुना जाणता सांगतो, ‘काही नसतं हो त्यात, सही करून बसायचं.’ त्याचं ऐकू नका, एवढंच सांगायला मी हे लिहितोय. पण जाऊन नेमकं काय करायचं ते कुणी सांगत नाही, म्हणून थोडं विस्तारानं सांगतो.

तिसऱ्या वर्षी माझ्याकडे तिसरीचा वर्ग होता, नऊ मुलांचा. हातच्याची वजाबाकी चालली होती. ५२ मधून २७ गेले तर एक मुलगा दर वेळी ३५ लिहायचा. पुसून परत करायला लावलं तरी ३५. मी चार वेळा फळ्यावर करून दाखवलं, पाचव्या वेळी आवाज चढवला. त्यानं मान डोलावली आणि पुन्हा ३५ लिहिले. त्याच आठवड्यात तालुक्याला दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं. त्याची वही चुकून माझ्या पिशवीत राहिली होती. जे पुढे घडलं ते त्या चुकीमुळे घडलं, माझ्या हुशारीमुळे नाही.

सभागृहात अध्ययन निष्पत्तींवर व्याख्यान चाललं होतं. चहाच्या सुट्टीत माझ्याशेजारी एक बाई उभ्या होत्या, निवृत्तीला दोन-तीन वर्षं उरलेल्या. काही तरी बोलायचं म्हणून मी ती वही दाखवली. त्यांनी पान पाहिलं आणि विचारलं, “त्याला विचारलंत का, हे पाच कुठनं आणलेस?”

नव्हतं विचारलं. चार वेळा शिकवलं होतं, एकदाही विचारलं नव्हतं.

“मग मी सांगते. तुम्ही वर्गात सांगितलं असेल, मोठ्यातून लहान वजा करायचा. तो तेच करतोय. सातातून दोन गेले, पाच. पोरगं तुमचंच ऐकतंय, सर.”

मग त्यांनी पर्समधून काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे काढले, रबर लावलेले. खुर्चीवर पाच गठ्ठे आणि दोन सुट्ट्या काड्या मांडल्या. “आता मला सत्तावीस द्या.” मी दोन गठ्ठे दिले, दोन सुट्ट्या दिल्या आणि अडलो. तिसऱ्या गठ्ठ्याचं रबर काढायला त्यांनीच हात पुढे केला असेल असं तुम्हाला वाटेल. त्यांनी हात मागे घेतला. म्हणाल्या, “रबर पोरानंच काढायचं. तुम्ही काढलंत, तर शिकलात तुम्ही.”

जाता जाता आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. बावन्न म्हणताना कानाला आधी दोन ऐकू येतात आणि लिहायचे आधी पाच असतात. म्हणून वजाबाकीच्या आधी संख्या वाचून घ्या, निम्मा घोळ तिथेच असतो. एकोणपन्नास तर विचारूच नका, तिथे चार कुठेच ऐकू येत नाही. पुढे २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी संख्यावाचनाची रीत आली, त्यावर राज्यभर गदारोळ झाला, विनोदांचा पाऊस पडला आणि समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांना जाहीरपणे बाजू मांडावी लागली. तेव्हा मला त्या बाई आठवल्या. पालक शाळेत येऊन ‘हे काय नवीन’ म्हणाले, तेव्हा मी त्यांना पोराच्या वहीतलं उलटं लिहिलेलं २५ दाखवू शकलो. ती रीत बरोबर की चूक यावर आजही दोन मतं आहेत. पण प्रश्न कुठून आला ते मला ठाऊक होतं, कारण कुणी तरी चहाच्या कपाबरोबर ते मला सांगितलं होतं.

म्हणून पहिलं सांगणं हे की रिकाम्या हातानं जाऊ नका. वर्गातला एक प्रश्न घेऊन जा. ‘मुलांचं गणित कच्चं आहे’ हा प्रश्न नव्हे, ते गाऱ्हाणं झालं आणि गाऱ्हाण्याला सगळे नुसती मान डोलावतात. ‘माझ्या वर्गातली तीन मुलं जोडाक्षर आलं की शब्दच सोडून पुढे जातात’ हा प्रश्न. त्याचा पुरावा बरोबर ठेवा. मुलाची वही, किंवा त्या पानाचा मोबाइलवर काढलेला फोटो, मुलाचं नाव झाकून. वही समोर ठेवली की अनुभवी शिक्षकाला राहवत नाही, तो बोलायला लागतो.

आता या प्रशिक्षणांचं खरं रूपही समजून घ्या, म्हणजे उगाच चिडचिड होणार नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात दर शिक्षकानं वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं म्हटलं आहे. त्याआधी २०१९ मध्ये निष्ठा हे देशव्यापी शिक्षक-प्रशिक्षण सुरू झालं आणि करोनाच्या काळात ते दीक्षा पोर्टलवर ऑनलाइन गेलं. तास मोजायचे म्हटलं की ते भरण्याकडे कल जातो. व्हिडिओ चालू ठेवून पोळ्या लाटणारे लोक मी पाहिले आहेत आणि त्यांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. समोरासमोरच्या प्रशिक्षणाची अडचण वेगळी. पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेत राज्यस्तरीय तज्ज्ञ तयार होतात, ते डायटमध्ये जिल्ह्याच्या सुलभकांना शिकवतात आणि ते सुलभक तालुक्याला तुम्हाला. दर पायरीला दुधात थोडं पाणी पडतं. तुमच्यासमोर उभा असलेला सुलभक बहुतेक वेळा तुमच्यासारखाच शिक्षक असतो; परवाच शिकून आलेला आणि आज शिकवायला उभा केलेला. त्याला कोंडीत पकडून टाळ्या मिळवू नका. त्याच्याकडून मूळ घटकसंच मागून घ्या आणि रात्री शांतपणे वाचा. पडद्यावरच्या पीपीटीत जे दोन ओळींत गुंडाळलेलं असतं, त्याचं उदाहरण पुष्कळदा घटकसंचात पानभर दिलेलं असतं.

सुलभकाला विचारायचंच असेल तर हे विचारा: ‘तुम्ही हे तुमच्या वर्गात केलंत तेव्हा किती मुलं होती, किती दिवस लागले आणि कुठे फसलं?’ तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देणारा माणूस भेटला तर त्याचा नंबर घ्या. न देणाऱ्याचंही ऐका, पण वहीत कमी लिहा.

आणि पुढे बसा. दुसरी रांग उत्तम. पहिल्या रांगेत बसलं की पावसाच्या टाळीपासून गटनेतेपदापर्यंत सगळं आपल्याच गळ्यात येतं.

दर महिन्याच्या केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेला लोक सगळ्यात कमी लेखतात. माझ्या मते नव्या शिक्षकासाठी तिच्यापेक्षा मोलाची जागा दुसरी नाही. आसपासच्या दहा-पंधरा शाळा, त्यातले तीस-चाळीस शिक्षक, सारखीच मुलं, सारखाच पाऊस, एसटीची सारखीच बोंब. जवळच्या शाळांनी एकमेकींना धरून चालावं ही कल्पना कोठारी आयोगानं १९६६ च्या अहवालात शाळा-समूह म्हणून मांडली होती. प्रत्यक्षात परिषदेचा अर्धा वेळ यू-डायसची माहिती, पोषण आहाराच्या नोंदी आणि ‘आजच्या आज लिंक भरा’ यात जातो, हे खरं आहे. पण उरलेल्या वेळात कोण काय मांडणार हे बहुतेक ठिकाणी ठरलेलं नसतं. आदल्या आठवड्यात केंद्रप्रमुखांना फोन करा आणि म्हणा, ‘साहेब, मला दहा मिनिटं द्या, माझ्या वर्गातला एक अनुभव सांगायचाय.’ नाही म्हणणारे केंद्रप्रमुख फार थोडे. त्यांनाही कार्यक्रमपत्रिकेत लिहायला काही तरी हवंच असतं.

त्या दहा मिनिटांत यशोगाथा सांगू नका. यशोगाथा ऐकली की शेजारचा टाळी वाजवतो आणि मनात म्हणतो, ‘त्याच्या शाळेत जमलं असेल.’ ‘मी हे करून पाहिलं, चार मुलांना जमलं, पाच जणांना नाही जमलं, का ते कळत नाहीये’ असं सांगा. बघा, किती हात वर होतात. पहिल्या वेळी पाय लटपटतील. वर्गात आठ तास बोलणारा माणूस सहकाऱ्यांसमोर गप्प होतो, हे मी वर्षानुवर्षं पाहत आलोय.

सलग बैठका किती काम करतात याचं चांगलं उदाहरण शेजारच्या मध्य प्रदेशात आहे. १९७२ मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ उच्च प्राथमिक शाळांत विज्ञान प्रयोगांतून शिकवायचा उपक्रम सुरू झाला. उन्हाळ्याच्या सुट्टीत शिक्षकांचं जवळजवळ तीन आठवड्यांचं शिबिर व्हायचं, त्यात मुलांनी करायचे प्रयोग शिक्षकांनी स्वतः करायचे. पण शिबिर झालं, सुट्टी संपली, असं नव्हतं. पुढे दर महिन्याला शिक्षक एकत्र बसायचे आणि वर्गात काय अडलं ते मांडायचे. तीस वर्षं, २००२ पर्यंत तो उपक्रम चालला. आपल्याकडे ज्यांची खेळणी घराघरांत पोचली ते अरविंद गुप्ता १९७८ मध्ये तिथेच गेले होते. आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून आकृत्या करायची त्यांची युक्ती तिथली. गठ्ठ्यांच्या काड्या हाताशी असतीलच, तर व्हॉल्व्ह ट्यूब तेवढी आणा. भूमितीचा एक तास निघतो.

शिबिरात विषयापेक्षा माणूस भेटणं कधी कधी जास्त मोलाचं ठरतं. १९४५ मध्ये बोरिवलीला कस्तुरबा ट्रस्टचं ग्रामसेविकांचं शिबिर भरलं होतं. पुण्याच्या हुजूरपागेत बरीच वर्षं शिकवणाऱ्या अनुताई वाघ त्या शिबिराला गेल्या आणि तिथे त्यांची ताराबाई मोडकांशी गाठ पडली. बोर्डीला बालशिक्षणाचं काम उभं राहत होतं. अनुताईंनी पुण्याची नोकरी सोडून बोर्डी गाठली आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आयुष्य काढलं. अंगणवाडी, कुरणशाळा, आदिवासी पाड्यावर मुलांच्या दारात नेलेली शाळा, या सगळ्याची सुरुवात शोधत गेलं तर वाट त्या शिबिरातूनही जाते. शिबिरात व्याख्यानं कसली झाली ते आज कुणाच्या लक्षात नाही. तुम्ही नोकरी सोडून कुठे जावं असं मी म्हणत नाही. पण चहाच्या सुट्टीत आपल्याच शाळेतल्या सरांबरोबर कोंडाळं करून उभं राहू नका, एवढं म्हणतो. अनोळखी माणसाशेजारी जाऊन उभे राहा. ‘तुमच्याकडे कितवी आहे?’ एवढं विचारलं की पुरतं.

दुसऱ्याची शाळा चालू असताना एक दिवस जाऊन बसणं ही तर सगळ्यात चांगली कार्यशाळा. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटचं नाव तुम्ही डी.एड.ला असताना ऐकलं असेल. ज्ञानरचनावादी पद्धतीनं चालणाऱ्या तिथल्या शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले. परत आल्यावर पुष्कळांनी आपल्या वर्गाच्या फरश्या रंगवून घेतल्या, कोष्टकं आखली, अक्षरांची चाकं काढली. तीही लोकवर्गणी गोळा करून. त्यातल्या कितीतरी फरश्यांवर नंतर सतरंज्या पडलेल्या मी पाहिल्या. रंग दिसतो, फोटोत येतो, म्हणून तो नेता येतो. मूल अडलं तेव्हा बाई किती वेळ गप्प बसल्या, हे फोटोत येत नाही. त्यामुळे शाळाभेटीला गेलात तर भिंती दहा मिनिटांत पाहून घ्या आणि मग एका मुलाशेजारी बसून तासभर फक्त त्याच्याकडे पाहा. मोबाइल पिशवीत.

बाहेर जायचं तर जागा पुष्कळ आहेत. विज्ञान-गणितासाठी मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, १९७४ पासूनचं. पुण्यात आयुकाची मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे. मुंबईची मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून मराठीतून विज्ञान लोकांपर्यंत नेते आहे, तिचं वार्षिक अधिवेशन भरतं. पहिली-दुसरीच्या वाचन-लेखनाचा प्रश्न असेल तर पालघर जिल्ह्यात वाडा तालुक्यातल्या सोनाळ्याची क्वेस्ट संस्था आहे. सगळीकडे जायची गरज नाही. वर्षाला एक जागा, तीही आपल्या प्रश्नाला धरून. ज्याला वाचनाचा प्रश्न पडलाय त्यानं रोबोटिक्सच्या कार्यशाळेला जाऊन सेल्फी काढण्यात काय हशील?

पैशाचंही बोललं पाहिजे. प्राथमिकच्या शिक्षण सेवकाला २०२३ पासून महिना १६ हजार मानधन मिळतं. खोलीभाडं, गावी पाठवायचे पैसे आणि गाडीचं पेट्रोल जाऊन हातात काय उरतं ते तुम्हाला माहीत आहे. अशात व्हॉट्सॲपवर जाहिरात येते: आंतरराष्ट्रीय परिषद, इतके रुपये भरा, निबंध छापून मिळेल, प्रमाणपत्र घरपोच. भरू नका. माझ्याकडे अशी तीन प्रमाणपत्रं आहेत, लॅमिनेट केलेली. आजवर कुणी ती पाहायला मागितलेली नाहीत. चांगल्या आणि पोकळ परिषदेतला फरक पत्रकावरच कळतो. पत्रकात पाहुण्यांच्या पदव्या पानभर आणि दोन दिवसांत सहभागी माणसाच्या हातून काय करून घेणार याची ओळही नाही, तर ती परिषद आयोजकांसाठी भरते आहे, तुमच्यासाठी नाही. पैसे भरण्याआधी फोन करून तीन गोष्टी विचारा: किती जण असतील, प्रत्यक्ष काम किती तासांचं आणि राहण्याची सोय काय. दीडशे माणसांची ‘कार्यशाळा’ म्हणजे सभा.

परवानगी लेखीच घ्या. मुख्याध्यापकांकडे अर्ज, केंद्रप्रमुखांना माहिती आणि त्या दिवशी वर्ग कोण बघणार ते आधी ठरवून. दोन शिक्षकी शाळेत तुम्ही गेलात की चार वर्ग एकट्यावर पडतात. जोडीदार शिक्षकाला आधी सांगितलं, त्याच्यासाठी मुलांना देता येईल असं दोन दिवसांचं काम काढून ठेवलं, तर पुढच्या वेळी तो आनंदानं सोडेल. नाही तर ‘हे फिरायला गेले’ हे गावभर व्हायला वेळ लागत नाही. ज्या भगिनींची मुलं लहान आहेत त्यांनी निवासी कार्यशाळेला मुलाला घेऊन येण्याबद्दल आयोजकांना आधीच विचारावं, संकोच करू नये. विचारणाऱ्या वाढल्या की आयोजकही पाळण्याची नाही तर निदान एका खोलीची सोय करायला लागतात, हे मी होताना पाहिलंय.

परत आल्यावरचा सोमवार सांभाळा. कार्यशाळेतून दहा गोष्टी घेऊन येतो माणूस, आणि सोमवारी परिपाठ, पोषण आहार, एक पालक, दोन फोन यात दहाच्या दहा विरतात. म्हणून एकच गोष्ट निवडा, शक्य तितकी लहान, आणि आठवड्याच्या आत वर्गात करा. पहिल्या दिवशी ती बिघडणार हे गृहीत धरा. मी काड्यांचे गठ्ठे नेले त्या दिवशी नऊपैकी सहा मुलांनी रबरं बोटांना गुंडाळून एकमेकांना मारली. तास वाया गेला असं वाटलं. दुसऱ्या दिवशी रबरांऐवजी सुतळी वापरली. सुतळीची गाठ सोडायला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात मूल विचार करतं, हे मला तेव्हा कळलं. त्या बाईंनाही ठाऊक नव्हतं. फोन करून सांगितलं तर म्हणाल्या, “आता मी पण सुतळी बांधते.”

असं काही झालं की वहीत अर्धं पान लिहा, त्याच दिवशी. तारीख, किती मुलं, काय केलं, काय बिघडलं. शब्द जड नकोत. ‘ज्ञानाची रचना झाली’ असं लिहू नका, ‘बबनला जमलं, सुरेखाला नाही’ असं लिहा. असे सात-आठ कागद जमले की शिक्षण परिषदेत वाचायला काही तरी होतं, आणि वर्षाच्या शेवटी पुढच्या कार्यशाळेला न्यायचा प्रश्नही त्यातूनच निघतो.

त्या मुलाला मी परतल्यावर विचारलं होतं, “पाच कुठनं आणलेस रे?” तो माझ्याकडे थोडा वेळ बघत राहिला. मग म्हणाला, “सर, तुम्हीच म्हणला होता ना, लहान्यातनं मोठा जात नाही म्हणून.”